नळी आणि ट्रान्झिस्टर यांची सोयरीक

आपल्याकडे सोयरीक जुळविताना वडीलधारी मंडळी केवळ मुलगा चांगला आणि मुलगी चांगली एवढ्यावर समाधान मानीत नसत. दोघांचे एकमेकांशी जमेल काय, हा प्रश्न ती आवर्जून विचारीत. दोन चांगली माणसे एकत्र आली म्हणजे संसार चांगलाच होतो असे नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असे. ध्वनियंत्रांच्या बाबतीतही नेमके असेच घडते, असे म्हटल्यास काही वाचकांना नवल वाटेल. पण ज्यांच्या घरी ध्वनिमुद्रिकांची जुनी पेटी आहे आणि ती पुन्हा वाजती करावी अशी इच्छा आहे, त्यांनी या गोष्टीचा विचार अवश्य करावा.

गेल्या काही वर्षांत माळ्यावर गेलेले रेकॉर्ड प्लेअर पुन्हा दिवाणखान्यात येऊ लागले आहेत. इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदे अशा गावांतील मराठी घरांत ध्वनिमुद्रिकांची पेटी ही केवळ करमणुकीची वस्तू नव्हती. घराबाहेर दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांच्या कानांवर नाट्यपदे, अभंग आणि ख्याल पडावेत, याची ती एक सोय होती. आता नातवंडे त्या पेट्या उघडू लागली, की पहिला प्रश्न उभा राहतो तो यंत्राचा, आणि जाणकार म्हणविणारे कोणीतरी हमखास सल्ला देते, "पुढे नळीचा प्रीॲम्प्लिफायर लावा आणि मागे ट्रान्झिस्टरचा पॉवर ॲम्प्लिफायर. नळीचा गोडवा मिळेल आणि ट्रान्झिस्टरचे बळही मिळेल."

हा सल्ला खोटा नाही. मात्र तो अपुरा आहे. तो पुरा कसा करावा, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

दोघांची कामे वेगळी

ज्याला आपण रेडिओचा व्हॉल्व्ह म्हणत आलो, ती निर्वात काचनळी. इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन अग्रांची नळी सिद्ध केली आणि अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तीत तिसरे अग्र घातले. क्षीण विद्युत्‌संदेश मोठा करण्याची विद्या तेथून पुढे विकसित झाली. ट्रान्झिस्टर डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मास आला. नळीला तापावे लागते, ट्रान्झिस्टरला लागत नाही. नळीला शेकडो व्होल्टांचा दाब लागतो, ट्रान्झिस्टरला थोडक्यावर भागते.

आता दोन्ही यंत्रांची कामे पाहू. रेकॉर्डच्या सुईतून येणारा विद्युत्‌दाब सामान्यतः एका व्होल्टाच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तो मोठा करणे, रेकॉर्ड कापताना मुद्दाम दाबलेला खर्ज आणि मुद्दाम वाढविलेला तार पुन्हा मूळ प्रमाणात आणणे आणि आवाज लहानमोठा करण्याची सोय देणे, हे प्रीॲम्प्लिफायरचे काम होय. येथे विद्युत्‌प्रवाह अगदी अल्प असतो. ई.सी.सी. ८३ ही या कामातील प्रसिद्ध नळी. तिच्यातून वाहणारा प्रवाह एका मिलिअँपिअरच्या आसपास असतो.

पॉवर ॲम्प्लिफायरचे काम निराळे. त्याला स्पीकरचा कागदी पडदा हलवायचा असतो. आठ ओमांच्या स्पीकरला १०० वॉट द्यावयाचे म्हणजे साडेतीन अँपिअर प्रवाह पाहिजे. प्रीॲम्प्लिफायरमधील त्या नळीच्या प्रवाहाच्या हा साडेतीन हजार पट झाला! नळी स्वभावतः दाब जास्त आणि प्रवाह कमी देणारी. तिच्याकडून स्पीकर हलवून घ्यावयाचा, तर मध्ये एक जड आणि महागडे रोहित्र घालावे लागते, आणि खर्जाची मर्यादा बरीचशी त्या रोहित्रावरच ठरते. ट्रान्झिस्टरला हा प्रवाह सहज पेलतो आणि रोहित्राची गरजही उरत नाही.

म्हणून लहान कामाला नळी आणि बळाच्या कामाला ट्रान्झिस्टर ही वाटणी मुळात शहाणपणाची आहे. प्रीॲम्प्लिफायरमधील लहान नळ्या काही हजार तास सहज टिकतात. उलट, पॉवर ॲम्प्लिफायरमधील मोठ्या नळ्या अधिक तापतात, लवकर थकतात आणि बदलण्यास महाग पडतात. अमेरिकेत विल्यम झेन जॉन्सन यांनी १९७० साली ऑडिओ रिसर्च ही कंपनी काढली, तर १९७७ साली कॉनरॅड आणि जॉन्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या नावाची दुसरी कंपनी सुरू केली. साऱ्या जगाने नळीकडे पाठ फिरविली असताना या कंपन्यांनी नळीचे प्रीॲम्प्लिफायर विकून दाखविले, आणि त्यांच्या अनेक गिऱ्हाइकांनी त्यांमागे ट्रान्झिस्टरचेच पॉवर ॲम्प्लिफायर जोडले.

गोडवा येतो कोठून?

नळीच्या गोडव्याविषयी पुष्कळ काव्य लिहिले गेले आहे. त्यातील शास्त्र मात्र आपल्या तंबोऱ्यावर बसून सहज समजण्याजोगे आहे.

कोणतेही यंत्र स्वर मोठा करताना त्यात स्वतःचे थोडेसे मिसळते. ही भर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्यांची असते. मूळ स्वर षड्ज धरला, तर दुप्पट कंपनसंख्या म्हणजे तार षड्ज, तिप्पट म्हणजे तार पंचम आणि पाचपट म्हणजे त्याहून वरच्या सप्तकातील गंधार. नीट लागलेल्या तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो हाच. येथवर सारे सुरेल आहे. पण सातपट कंपनसंख्या धैवत आणि कोमल निषाद यांच्या मध्ये कोठेतरी पडते, आणि त्यापुढील विषम पटी तर आपल्या सप्तकात क्वचितच नीट बसतात.

साध्या रचनेतील तीन अग्रांची नळी जी भर घालते, ती प्रामुख्याने दुपटीची असते. षड्जात तार षड्ज मिसळला तर कान त्याला बेसूर म्हणत नाही. आवाज थोडा भरदार झाला, असे म्हणतो. उलट १९६० च्या दशकातील पुष्कळ ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरांत आवाज हलका असताना, दोन ट्रान्झिस्टर एकमेकांकडे काम सोपवीत त्या सांध्यावर, वरच्या विषम पटींची भर पडे. प्रमाण थोडे असले तरी ती कानाला बोचे. ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा, ही समजूत बऱ्याच अंशी त्या काळातील आहे.

पुढे हा दोष दूर झाला. इंग्लंडमधील हंटिंग्डन येथे पीटर वॉकर यांची क्वाड ही प्रसिद्ध कंपनी होती. तिने १९५३ मध्ये नळ्यांचा 'क्वाड टू', १९६७ मध्ये ट्रान्झिस्टरचा 'क्वाड ३०३' आणि १९७५ मध्ये 'क्वाड ४०५' असे पॉवर ॲम्प्लिफायर काढले. १९७८ साली या तिन्ही यंत्रांची तुलना ऐकणाऱ्यांच्या एका गटापुढे करण्यात आली. कोणते यंत्र चालू आहे हे न सांगता आणि आवाज समान ठेवून ही परीक्षा घेतली गेली, आणि तिचा वृत्तांत 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात प्रसिद्ध झाला. त्या गटाला नळी कोणती आणि ट्रान्झिस्टर कोणता हे खात्रीने ओळखता आले नाही.

याचा अर्थ नळीचे प्रेम खोटे, असा काढू नये. कोणाला ती किंचित भर आवडते आणि तशी भर देणारे यंत्र बनविताही येते. मात्र नळी आहे म्हणून गोडवा येईलच, हे गृहीत धरू नये. नीट बांधलेली नळी जवळजवळ पारदर्शक असते. वाईट जोडलेली नळी मात्र आवाजाचा पुरता बिघाड करू शकते, आणि या लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे.

खर्ज हरवला तो कोठे?

आमच्या गावात एक निवृत्त टपाल अधिकारी आहेत. सारे त्यांना नाना म्हणतात. वय पंचाहत्तरीच्या घरात. उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारी या रागांची एल.पी. हा त्यांचा जीव की प्राण. इंदूरच्या माणसाला त्याचे कारण सांगावयास नको. मंद्र सप्तकात शांतपणे उतरणारा तो आवाज आपल्या गावाचा आहे, असे येथे प्रत्येकास वाटते. नानांच्या मुलाने हौसेने एका तरुणाकडून नळीचा प्रीॲम्प्लिफायर बांधून घेतला आणि घरातील जुन्या क्वाड ४०५ ला जोडून दिला. आठ दिवसांनी नाना माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, आता रेकॉर्डी कोणाला तरी देऊन टाकाव्या म्हणतो. माझे कान गेले. खाँसाहेबांचा खर्जच लागत नाही."

मी म्हणालो, "नाना, म्हातारपण नेते ते वरचे स्वर. चिमण्यांची चिवचिव आधी जाते. तंबोऱ्याचा खर्ज सहसा एवढ्या लवकर जात नाही. घरी डग्गा आहे ना? तो ऐकू येतो का?"

डग्गा त्यांना उत्तम ऐकू येत होता. मग आमच्या शाळेच्या भौतिकीच्या शिक्षकांना घेऊन आम्ही त्या यंत्राचा आराखडा पाहिला. दोष नानांच्या कानांत नव्हता, नळीतही नव्हता. तो एका बोटाच्या पेराएवढ्या धारित्रात होता.

नळीच्या अंगावर शेकडो व्होल्टांचा स्थिर दाब असतो. तो पुढच्या यंत्रात जाऊ नये आणि केवळ गाण्याचा संदेश जावा, म्हणून नळीच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर एक धारित्र ठेवतात. हे धारित्र आणि पुढच्या यंत्राच्या दारातील रोध मिळून एक चाळण तयार होते. रोध कमी असेल किंवा धारित्र लहान असेल, तर या चाळणीतून खर्ज पुढे जात नाही.

क्वाड टू या नळीच्या ॲम्प्लिफायरच्या दारातील रोध १५ लाख ओमांचा. त्याच कंपनीच्या क्वाड ४०५ या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा केवळ २० हजार ओमांचा. घराणे एकच, पण स्वभावांत पंचाहत्तर पटींचा फरक! नानांच्या यंत्रातील धारित्र ०.१ मायक्रोफॅरडचे होते. जुन्या आराखड्यावरून ते उतरविले होते, आणि तो आराखडा नळीच्या ॲम्प्लिफायरसाठी केलेला होता. १५ लाख ओमांपुढे या धारित्राची चाळण सुमारे एका हर्ट्झला लागते, म्हणजे सारे गाणे सुखरूप पार होते. २० हजार ओमांपुढे तीच चाळण ८० हर्ट्झच्या जवळपास लागते. काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. त्याची निम्म्याहून अधिक शक्ती येथे गळून जात होती. डग्ग्याचा घुमारही त्याच वाटेने जात होता. गळ्यातील आवाज पूर्ण नाहीसा होत नव्हता, कारण त्याच्या वरच्या पटी शिल्लक होत्या. पण त्याच्या पायाखालची जमीन निघून गेली होती.

०.१ च्या जागी योग्य व्होल्टांचे २.२ मायक्रोफॅरडचे धारित्र बसविताच ती चाळण चार हर्ट्झच्याही खाली गेली. खर्च किरकोळ झाला. नाना त्या दिवशी दरबारी ऐकत काही बोलले नाहीत. रेकॉर्डी मात्र घरातच राहिल्या.

जुळविण्याचे तीन गुण

पहिला गुण रोधाचा. प्रीॲम्प्लिफायरच्या बाहेर पडण्याच्या वाटेचा संरोध जितका असेल, त्याच्या निदान दहापट पॉवर ॲम्प्लिफायरच्या दारातील संरोध असावा. ई.सी.सी. ८३ नळीच्या वरच्या अग्रापासून थेट संदेश काढला, तर हा संरोध नेहमीच्या रचनेत ३८ हजार ओमांच्या आसपास जातो. त्यापुढे २० हजार ओमांचा ॲम्प्लिफायर लावला, तर संदेशाचा जेमतेम तिसरा हिस्सा पुढे पोहोचतो आणि नळीवर भार पडून विकृतीही वाढते. अशा ठिकाणी शेवटी 'कॅथोड फॉलोअर' नावाची जोडणी करतात. ती आवाज वाढवीत नाही, पण संरोध हजार ओमांच्या खाली आणते. दोन यंत्रांमधील तार लांब असेल, तरी तिचा उपयोग होतो. संरोध मोठा आणि तार पाच-सात मीटरांची असेल, तर तारेतच तार सप्तकाची चमक विरून जाते.

दुसरा गुण वाढीचा. क्वाड ४०५ ला पूर्ण शक्ती देण्यास अर्धा व्होल्ट पुरतो. कॉम्पॅक्ट डिस्क वाजविणारे यंत्र स्वतःच दोन व्होल्ट देते. मग त्यात नळीने आणखी दहा पटींची भर घातली, तर आवाजाची कळ किंचित फिरविताच घर दणाणून जाते. कळीच्या सुरुवातीच्या भागात डाव्याउजव्या बाजूंचे प्रमाण अनेकदा बिघडलेले असते, आणि कळीनंतर येणाऱ्या नळीची सरसर तर कळ बंद केली तरी थांबत नाही. म्हणून कमी वाढ देणारा प्रीॲम्प्लिफायर निवडावा. वाढ कमी व्हावी म्हणून ई.सी.सी. ८३ काढून तशीच दिसणारी ई.सी.सी. ८२ बसविण्याची युक्ती काही जण सांगतात. बनविणाऱ्याने अनुमती दिली असेल तरच ती करावी. ई.सी.सी. ८८ ही तशाच नऊ पायांची नळी तर मुळीच बसवू नये. तिच्या तापतारेची जोडणीच वेगळी असते.

तिसरा गुण वेळेचा, आणि हाच सर्वांत दुर्लक्षित. नळीला तापण्यास अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागते. त्या अवधीत बाहेरच्या धारित्रावर दाब चढत असतो आणि त्याचा एक धक्का पुढे जातो. धारित्र मोठे असेल, तर धक्काही मोठा. नळीच्या पॉवर ॲम्प्लिफायरमध्ये स्थिर दाब रोहित्रातून पार होत नसे, म्हणून स्पीकर सुरक्षित राही. ट्रान्झिस्टरचा स्पीकर बहुधा थेट जोडलेला असतो, त्यामुळे असा धक्का त्याच्यापर्यंत पोहोचून तो जळूही शकतो. यास्तव नियम असा: प्रीॲम्प्लिफायर आधी सुरू करावा, एक मिनिट थांबावे, मग पॉवर ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट. पॉवर ॲम्प्लिफायर आधी, प्रीॲम्प्लिफायर नंतर. घरातील मुलांना हा क्रम देवघरातील दिव्यासारखा पाठ करून द्यावा. काही यंत्रांत हे काम आपोआप करणारा रिले असतो. घेताना तो आहे काय, हे अवश्य विचारावे.

घेण्यापूर्वी

जुन्या बाजारात क्वाड २२ हा नळ्यांचा सुंदर प्रीॲम्प्लिफायर कधी कधी दिसतो. त्याला स्वतःचा वीजपुरवठा नाही. तो क्वाड टू कडून वीज घेतो. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला जोडावयाचा तर वेगळा पुरवठा बांधून घ्यावा लागेल, हे ध्यानात ठेवावे. हल्ली अत्यल्प किमतीत नळी लावलेली छोटी यंत्रेही मिळतात. त्यांतील काहींत शेकडो व्होल्टांसाठी बनलेली नळी वीस-तीस व्होल्टांवर चालविलेली असते आणि तिच्याखाली नारिंगी दिवा लावून ती तापल्याचा देखावा केलेला असतो. दिवा पाहून गाणे ऐकू नये.

नळ्या मिळण्याची चिंता करण्याचे कारण नाही. एके काळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यातही रेडिओच्या नळ्या बनत. आज नव्या नळ्या मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन या देशांत तयार होतात आणि ई.सी.सी. ८३ सारखी नळी सहज मिळते.

एक सूचना मात्र कळकळीची. नळीच्या प्रीॲम्प्लिफायरमध्ये २५० ते ३०० व्होल्टांचा दाब असतो आणि यंत्र बंद करून प्लग काढल्यावरही तो धारित्रांत काही काळ साठून राहतो. तो जीव घेऊ शकतो. ट्रान्झिस्टरचा रेडिओ उघडून पाहणाऱ्या उत्साही मुलाने हे झाकण उघडू नये; हे काम माहीतगार कारागिराचेच आहे.

आणि शेवटी परीक्षा कशी करावी? दोन्ही यंत्रांचा आवाज नेमका सारखा ठेवावा, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक गोड वाटतो. मग आपण पाठ करून बसावे आणि कोणते यंत्र चालू आहे हे न सांगता नातवाला अदलाबदल करू द्यावी. फरक ओळखता आला आणि नळी आवडली, तर आनंदाने घ्यावी. ओळखता आला नाही, तर ते पैसे वाचवून आणखी चार ध्वनिमुद्रिका घ्याव्यात. पण घरातील वडील माणसाने "मला आता ऐकू येत नाही" असे म्हटले, तर त्याच्या कानांना दोष देण्यापूर्वी यंत्राचे झाकण एखाद्या जाणत्याकडून एकदा उघडून पाहावे. कित्येकदा कान शाबूत असतात. केवळ सोयरीक जुळलेली नसते.